दोन चिंचोक्यांची चौकशी

रविवार, १५ जून १९८६. सकाळ.

आजपासून रोजनिशी पुन्हा सुरू. मार्चमध्ये ती थांबली, ती केवळ शाईच्या निकृष्ट दर्जामुळे.

न्याहारीच्या वेळी सूनबाईंनी, म्हणजे जयंतीने, जाहीर केले की शुभाला स्टेशनसमोरच्या क्लासला घालायचे. शुभा माझी नात. यंदा सहावीत गेली; पाचवीला गणितात काठावर उतरली. क्लासची वेळ संध्याकाळी पाच ते सात. नेमक्या याच वेळी शुभा मला वर्तमानपत्रातील अग्रलेख वाचून दाखवते आणि मी त्यातील चुका मोठ्याने दुरुस्त करतो. परंतु माझा विरोध त्या कारणासाठी नाही. माझा विरोध तात्त्विक आहे.

मी म्हणालो की छत्तीस वर्षे अध्यापन केलेला मनुष्य घरात बसलेला असताना बाहेर विद्या विकत घेणे हा त्या मनुष्याचा अवमान आहे. जयंती म्हणाली, "अण्णा, पण तुम्ही मराठी शिकवायचात." मी समजावले की गणित हे आकड्यांचे व्याकरणच होय. ज्याला व्याकरण येते त्याला गणित येतेच. ते निराळे तपासून पाहण्याचे कारण नाही. चिरंजीव नंदकुमार वर्तमानपत्राआड गेला. सौ. सुनंदा खोकली. तिला खोकला झालेला नाही.

तह ठरला तो असा: ऑगस्टमधील पहिल्या घटक चाचणीपर्यंत शुभा माझ्या हाती. पंचविसांपैकी अठरा गुण मिळाल्यास क्लास नाही. न मिळाल्यास पाच ते सात क्लास, थेट दहावीपर्यंत.

दुपार.

पद्धती सापडली. वाचनालयातील एका इंग्रजी मासिकात लेख होता की जगातील सर्व प्राचीन संस्कृतींनी मुलांना गणना शिकवली ती पटावरील खेळांतून. ही गोष्ट मला आधीपासून ठाऊक असावी, कारण वाचताना आश्चर्य वाटले नाही.

उपक्रमाचे नाव: विश्वक्रीडागणितवर्ग. हा एकच शब्द आहे. तोडून लिहू नये. पहिला आठवडा आपला सारीपाट. दुसरा तमिळ खेळ. तिसरा आफ्रिका, चौथा चीन, पाचवा इजिप्त. जुलैअखेर पृथ्वी संपेल.

शनिवार, २१ जून.

वर्गास प्रारंभ. स्थळ: सोसायटीच्या ऑफिसची खोली. विद्यार्थी चार. शुभा, तळमजल्यावरचे बाळा आणि चंदू हे बंधू, जे केवळ चिवड्यासाठी येतात असे सौ.चे मत आहे. आणि शुभाच्या वर्गातील कमळ. ही वेसावे कोळीवाड्यातून येते. तिची आई कृष्णाबाई आमच्या इमारतीत दारोदार मासळी देते. कमळ हुशार दिसते, पण बोलण्यात "न" आणि "ण" यांचा भेद पाळत नाही. सुधारणेस भरपूर वाव.

सारीपाटाने आरंभ केला. प्रास्ताविक पाऊण तास चालले. नंतर सांगितले की कवड्या सहा, प्रत्येकीला बाजू दोन, म्हणून बारा प्रकारची दाने पडतात. कमळ म्हणाली, "सातच, आजोबा. एक पन उतानी नाय, तिथून सगळ्या सहा उतान्या." मी तिला सांगितले की मध्ये बोलू नये. चंदूने बोटांवर मोजून "हो रे, सातच" असे म्हटले. चंदूला मोजताना दहा बोटे पुरत नाहीत, तेव्हा त्याच्या साक्षीला मूल्य नाही.

खेळात मी चौथा आलो. कवड्या एका बाजूने झिजलेल्या आहेत.

सोमवार, ३० जून.

सारीपाट आटोपता घ्यावा लागला. चंदूने एक कवडी तोंडात धरली आणि थोड्या वेळाने ती तोंडात नव्हती. त्याच्या मातोश्रींचे वर्गाविषयीचे मत प्रतिकूल झाले. (कवडी दुसऱ्या दिवशी परत आली. तपशील लिहीत नाही.)

संकल्प: यापुढे गिळण्यास कठीण अशीच साधने वापरायची.

बुधवार, २ जुलै.

दुसऱ्या मजल्यावरील विशालाक्षी मामींनी त्यांची पल्लांगुळी दिली. हा लाकडी पट आहे. मध्ये बिजागरी, मिटला की माशासारखा दिसतो. उघडल्यावर दोन्ही बाजूंस सात सात खळगे, एकूण चौदा घरे. मामींच्या आईने तो तंजावरहून आणला. मामींनी तीनदा बजावले, "सर, केअरफुल हां. अम्मांची आठवण आहे." मी म्हणालो की तो माझ्याकडे बँकेपेक्षा सुरक्षित राहील.

खेळ सुलभ आहे. प्रत्येक घरात सहा बिया ठेवायच्या. एका घरातील सगळ्या उचलून पुढील घरांत एकेक पेरीत जायचे. संपल्या त्याच्या पुढल्या घरातल्या उचलून पुन्हा पेरायचे. रिकामे घर लागले की त्याच्या पलीकडच्या घरातले सर्व आपले. आफ्रिकेतही असाच खेळ आहे असे लेखात होते. म्हणजे तिसरा आठवडा अर्धा झालाच.

बिया म्हणून सौ.ने चिंच फोडून साठवलेले चिंचोके घेतले. मुलांनी घरे भरली. खेळ संपल्यावर सगळ्या बिया मी बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात गोळा केल्या आणि शिस्त म्हणून मोजल्या. चौऱ्याऐंशी भरल्या.

चौदा सक शहाऐंशी. हा पाढा मी वयाच्या सातव्या वर्षी पेणच्या शाळेत छडीच्या तालावर पाठ केला आहे. तो या जन्मी विसरणे नाही. दोन चिंचोके कमी आहेत.

शुक्रवार, ४ जुलै.

नुकसान मोठे नसल्यामुळे प्रकरण वाढवले नाही. सौ.च्या बरणीतून दोन चिंचोके घेऊन डब्यात शहाऐंशी पूर्ण केले. मुलांनी पट मांडला. बाळा म्हणाला, "आजोबा, दोन उरले." मी त्या वेळी आफ्रिकेविषयी बोलत होतो, म्हणून त्याला गप्प बसवले. त्याने ते खिडकीतून बाहेर टाकले की आणखी कोठे, इकडे लक्ष देण्याचे कारण नव्हते.

खेळाअंती मोजणी: चौऱ्याऐंशी. पुन्हा दोनच गेले!

गुरुवार, १० जुलै.

रोज दोन भरतो. रोज दोन जातात. एक नाही, तीन नाही. चोर लोभी नाही, नियमित आहे. आजच्या पिढीत हा गुण दुर्मीळ. तो सत्कार्यी लागता तर!

सौ. विचारत होती की बरणीतले चिंचोके कोण उचलतो. मी सांगितले की शैक्षणिक कामासाठी लागतात.

आफ्रिका पुढल्या आठवड्यात.

सोमवार, १४ जुलै.

आजपासून चौकशी. वर्ग सुटताना प्रत्येकाने खिसे उलटे करून दाखवायचे. बाळाच्या खिशातून गोट्या, खोडरबर आणि अर्धा पेरू निघाला. तो खूश दिसला. म्हणाला, "आजोबा, झडती? झकास! उद्या मी इन्स्पेक्टर, तुम्ही स्मगलर." शुभाने फ्रॉकला खिसाच नसल्याचे दाखवले. तिचा चेहरा मला आवडला नाही. असा चेहरा जयंती वाण्याचे बिल वाचताना करते.

घटक चाचणीला तीन आठवडे. आज गणित झाले नाही. परंतु चारित्र्य हेही शिक्षणच होय.

शुक्रवार, १८ जुलै.

चोर सापडला.

आज कमळची कंपासपेटी उघडून पाहिली. आत चिंचोके! तेही भाजलेले. ती म्हणाली, "घरचे हायत. आई भाजते. खा ना एक." कवळीच्या कारणास्तव मी नकार दिला. पुराव्याचे भक्षण करणे योग्यही नव्हते. चोरलेली वस्तू भाजून तिची ओळख पुसणे यात किती योजना आहे, हे मी उपस्थितांना समजावून सांगितले.

यावर ती मुलगी शांतपणे म्हणाली, "आजोबा, चौदा सक चौऱ्याऐंशी. तुमी शहाऐंशी बोलता, म्हनून रोज दोन कमी. आमी भरतो तेवा दोन उरतात, ते बाळा बाहेर टाकतो." बाळा म्हणाला, "मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं यार!" मी "यार" या संबोधनाबद्दल त्याला उभे केले. आरोपी नेहमी मूळ आकड्यावरच हल्ला करतो, हे वकिलांकडून ऐकले होते. आज प्रत्यय आला.

कमळला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितले. ती रडली नाही. पेटी बंद केली, चप्पल घातली आणि दारातून शुभाला म्हणाली, "तू ये गं घरी. आमच्याकडं कोन खिसे बघत नाय."

न्याय कठोर असतो. संध्याकाळी शुभाने अग्रलेख वाचताना मधले दोन परिच्छेद गाळले. मला कळले, पण कळले असे दाखवले नाही.

शनिवार, १९ जुलै.

कमळ नाही. तरी मोजणीत दोन कमी.

म्हणजे तिचा साथीदार आत आहे. बाळाला स्पष्ट विचारले. तो म्हणाला, "मीच घेतले. इन्स्पेक्टर तुम्हीच व्हा." गुन्हा इतक्या आनंदाने कबूल करणारा मनुष्य निर्दोष असतो की निर्ढावलेला, याचा निर्णय होईपर्यंत त्याला काढून टाकले. चंदू स्वतःहून गेला. चिवडा घेऊन गेला.

सोमवार, २१ जुलै.

शुभा आणि मी, असे दोघेच खेळलो. पट तिने मांडला आणि उरलेसुरले खिडकीबाहेर झटकले. मोजणी: चौऱ्याऐंशी.

प्रश्न नाजूक आहे. मी तिला सहज विचारले की एखादी बी चुकून बाहीत अडकली असेल का. तिने दोन्ही बाह्या कोपरापर्यंत वर केल्या, हात माझ्यासमोर धरले आणि म्हणाली, "बघा." मी पाहिले नाही. म्हणजे पाहिले, परंतु तपासण्याच्या दृष्टीने नव्हे.

गुरुवार, २४ जुलै.

शुभा वर्गाला आली नाही. जयंती म्हणाली की ती पाच वाजता मैत्रिणीकडे अभ्यासाला गेली. कोणत्या मैत्रिणीकडे, ते मी विचारले नाही. अग्रलेख स्वतःच वाचला. चुका आढळल्या, पण त्या कोणाला सांगाव्यात हे सुचले नाही.

खंड पडू नये म्हणून एकटाच खेळलो. घरे भरून दोन बिया उरल्या, त्या पटाजवळ अडचण नको म्हणून खिडकीबाहेर टाकल्या. डावी बाजू माझी, उजवी बाजू माझी. डावा जिंकला. मोजणी केली. दोन बिया कमी.

खोलीत माझ्याशिवाय कोणी नव्हते. दाराला आतून कडी होती.

शुक्रवार, २५ जुलै.

दोष पटात आहे. बिजागरीच्या फटीतून बिया आत जात असणार. स्क्रूड्रायव्हरने बिजागरी उघडली. आत बी नव्हती. बिजागरी परत बसेना. दोन्ही अर्ध्या भागांना सुतळीने बांधले.

इतक्यात मामी आल्या. सुतळीकडे पाहून त्या खुर्चीवर बसल्या. मी संपूर्ण प्रकरण सविस्तर निवेदन केले. त्या म्हणाल्या, "फोर्टीन सिक्सेस एटी-फोर असतात, सर." मी नम्रपणे म्हणालो की तंजावरकडे तसे असेल. मामी पट उचलून निघून गेल्या. जिन्यावर त्या कोणाशी तरी तमिळमध्ये बोलत होत्या. "सर" एवढाच शब्द मला कळला. तो आदराने उच्चारलेला वाटला नाही.

शनिवार, २६ जुलै.

सौ.ला विचारले. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "चौऱ्याऐंशी." मी विचारले, हे तिला कधीपासून ठाऊक? ती म्हणाली, "अहो, लग्न झाल्या वर्षापासून घरचा हिशेब माझ्याकडे का आहे, असं वाटतं तुम्हाला?" मला वाटत होते की मी लेखनात व्यग्र असतो म्हणून.

येथेच बेरीज करून पाहतो. चौदा. अठ्ठावीस. बेचाळीस. छप्पन्न. सत्तर. चौऱ्याऐंशी.

पुन्हा केली. चौऱ्याऐंशी.

पेन बदलून केली. चौऱ्याऐंशी.

रविवार, २७ जुलै.

शांत चित्ताने विचार केला. प्राचीन ग्रंथांत एकाच ओळीचे दोन निरनिराळे पाठ आढळतात आणि दोन्ही आदरणीय मानले जातात. पेणच्या शाळेत पाढ्याचा निराळा पाठ प्रचलित असला पाहिजे. याला चूक म्हणत नाहीत. पाठभेद म्हणतात.

सौ.ला हे सांगितले. ती म्हणाली, "त्या पोरीला चोर म्हणालात, तोही पाठभेदच का?" तांदूळ तर कालच निवडून झाले होते, आज तिच्या हातात काही नव्हते, म्हणून तिने माझ्याकडे सरळ पाहिले.

मंगळवार, २९ जुलै.

कृष्णाबाई सुके बोंबील आणि सुकट घेऊन आली. पावसाळ्यात होड्या बंद, तेव्हा हेच. मामींचे दार सोडून ती प्रत्येक दारी थांबली. मामी शाकाहारी आहेत. आमच्या दारीही थांबली नाही. सौ. ताट घेऊन उभी होती. तिने हाक मारली तेव्हा जिन्यातून उत्तर आले, "नाय बाय. तुमचे घरान मोजमाप लई. आमाला नाय परवडत."

आम्ही कायस्थ. जेवणात दुधी होता.

सोमवार, ४ ऑगस्ट.

शुभाची घटक चाचणी. पेपर कसा गेला म्हणून विचारले. "बरा." पूर्वी ती प्रत्येक प्रश्न सांगत असे, आणि मी प्रश्नांतील भाषेच्या चुका दाखवत असे.

क्लासचे माहितीपत्रक फ्रिजवर लावलेले आहे. जयंतीने लावले. त्यात सात चुका आहेत. जयंतीला दाखवल्या नाहीत. काय उपयोग?

शुक्रवार, २२ ऑगस्ट.

मंगळवारी नारळी पौर्णिमा झाली, होड्या सुटल्या. आज ताजी मासळी आली. जिन्यात संपूर्ण इमारत गोळा झाली. तळमजल्यावर पापलेटे, समोरच्यांकडे कोळंबी. बाळाच्या आईने तर दारातच खवले काढली. कृष्णाबाई टोपली डोक्यावर घेऊन आमच्या बंद दाराला वळसा घालून गेली. दाराला वळसा घालण्याइतका जिना रुंद नाही, तरी तिने घातला.

नंदकुमार आयुष्यात प्रथमच मोठ्याने बोलला. म्हणाला, "अण्णा, दोन चिंचोक्यांपायी महिनाभर घरात दुधीच चाललाय." जयंती म्हणाली, "चुकलं म्हणायला काय जातं?" शुभाने पानातला दुधी एका बाजूस सारला.

संकल्प: उद्या कृष्णाबाईस पत्र लिहायचे. स्वच्छ, निःसंदिग्ध, मनापासून.

शनिवार, २३ ऑगस्ट.

चार खर्डे झाले. शेवटचा उत्तम साधला. प्रत येथे उतरवतो:

"महोदया, दि. १८ जुलै रोजी विश्वक्रीडागणितवर्गात उद्भवलेल्या बीजविषयक न्यूनत्वाच्या संदर्भात आपल्या पाल्येवर जो आरोप ठेवण्यात आला, तो पाढ्यातील पाठभेदातून उत्पन्न झाल्याचे निदर्शनास आलेले आहे. तरी आपण याची योग्य ती नोंद घ्यावी. यापुढेही गैरसमज कायम राहिल्यास त्याची जबाबदारी प्रस्तुत लेखकावर राहणार नाही."

लांब लिफाफ्यात घालून शुभाबरोबर पाठवले. मन हलके झाले. असे पत्र मला कोणी लिहिले असते तर मी सर्व काही विसरलो असतो.

रविवार, २४ ऑगस्ट.

सकाळीच कमळचे वडील हरेश्वर आले. सोबत कोळीवाड्यातील दोन वडीलधारे गृहस्थ. तिघांनी पांढरे सदरे घातले होते. मला वाटले, आभार मानायला आले. हरेश्वराने लिफाफा टीपॉयवर ठेवला आणि विचारले, "मास्तर, ही नोटीस कसली हाय? घर खाली कराचं का होडी?"

कृष्णाबाई रात्रभर झोपली नाही म्हणे. सकाळी लिफाफा शेजारच्या वकिलाच्या कारकुनाला दाखवला. तोही म्हणाला की नोटीसच आहे, फक्त स्टॅम्प राहिला.

मी खुलासा केला की हे क्षमापत्र आहे. हरेश्वर म्हणाला, "मंग माफी कुठं लिवलीय? बोट ठेवा." मी पत्र वरपासून खालपर्यंत वाचले. पुन्हा वाचले. सांगितले की ती शब्दशः नाही. वाक्याच्या अर्थात गृहीत धरलेली आहे. तिघांपैकी सर्वांत वृद्ध गृहस्थ म्हणाले, "दर्यावर गृहीत धरून चालत नाय, मास्तर. बोट ठेवता आलं पायजे."

सौ.ने सर्वांना चहा दिला. मला शेवटी. साखर नव्हती.

सोमवार, २५ ऑगस्ट.

निकाल. शुभाला पंचविसांपैकी तेवीस!

मी तत्काळ सर्वांस बोलावून विश्वक्रीडागणितवर्गाच्या यशाबद्दल चार शब्द सांगण्यास उभा राहिलो. दुसऱ्या शब्दाला शुभा म्हणाली, "कमळनं शिकवलं, आजोबा. आम्ही रोज तिच्या ओट्यावर खेळतो. मामींनी पट तिला दिला."

जयंती म्हणाली की मग क्लासचे काही कारण उरले नाही. माहितीपत्रक काढून तिने त्यात कढीपत्ता गुंडाळला. तह मी जिंकला. त्यानंतर ती शुभाला म्हणाली, "जात जा गं कमळकडेच. पाच ते सात."

पाच ते सात.

अग्रलेख आज वाचला नाही. पुष्कळ दिवसांत प्रथमच त्यात चूक असेल की नाही याची उत्सुकता वाटली नाही.

बुधवार, २७ ऑगस्ट.

बसने वेसाव्यास गेलो. हवापालट म्हणून. धोतर इस्त्रीचे नेसलो. भाषण वाटेत पाठ करीत गेलो. सुरुवात "मानवी स्मृतीच्या मर्यादा" येथून होती.

कोळीवाड्यात बोंबील वाळत घालण्याच्या काठ्यांमधून वाकून जावे लागते. बाहेर आलो तेव्हा ओट्यावर शुभा आणि कमळ पल्लांगुळी खेळत होत्या. पट सुतळीनेच बांधलेला होता. बाळा आणि चंदू दोन्ही बाजूंना ओणवे बसले होते. कृष्णाबाई दारात जाळे सांधत होती. मला पाहून सगळे थांबले. शुभाच्या हातात बिया होत्या. तिने मूठ मिटली.

भाषण आठवेना. "मानवी" एवढाच शब्द आठवला आणि तो एकटा म्हणण्यासारखा नव्हता.

मी कमळला म्हणालो, "चुकलं."

ती म्हणाली, "किती?"

"दोनानं."

कृष्णाबाई हसली. आधी नाकातून, मग सगळीच. म्हणाली, "बस रे मास्तर, उभा काय? धोतर मळंल, पन बस." छत्तीस वर्षांत मला कोणी एकेरीत बोलावले नव्हते. धोतर सावरून बसलो.

शुभाने मूठ उघडली.

कमळने अटी सांगितल्या. रोज यायला हरकत नाही. आफ्रिकेविषयी फक्त बिया भरेपर्यंत बोलायचे, मग गप्प. कोणाचे खिसे, पेट्या, बाह्या बघायच्या नाहीत. आणि मोजायचे नाही. मोजायचे काम तिचे. बाळाने विचारले, "मग आजोबा काय करणार?" कमळ म्हणाली, "खेळतील ना."

अटी विचारान्ती मान्य केल्या. मोजणी हे तसे कारकुनी काम आहे. प्रमुखाने त्यात पडू नये.

रविवार, ३१ ऑगस्ट. संध्याकाळ.

पाच वाजता वेसाव्याला. आफ्रिका सुरू केली. बिया भरून झाल्या तेव्हा नैरोबीपर्यंतच पोचलो होतो. शुभा माझ्या शेजारी बसली. येताना तिने वर्तमानपत्र आणले होते, परंतु ते ओट्यावर अंथरून चंदूला त्यावर चिवडा दिला.

मी कमळविरुद्ध खेळलो. हरलो. किती बियांनी, ते मला सांगण्यात आले नाही.